गाडी बघायला जिभाऊंना न्या

डिंडोलीत कुणाच्या घरी जुनी गाडी घ्यायचा विषय निघाला की पैशांचं बोलणं नंतर होतं. आधी कुणीतरी विचारतं, "जिभाऊंना दाखवली का?" हे जिभाऊ म्हणजे कुणी एकच गृहस्थ नव्हेत. खरवासा रोडला, मधुरम सर्कलच्या मागे, नवागामच्या अंगाला, सोसायटी तिथे एक जिभाऊ असतातच. कुठे त्यांना आप्पा म्हणतात, कुठे नाना, कुठे भाऊसाहेब. मूळ गाव धुळे, जळगाव नाहीतर नंदुरबार जिल्ह्यातलं. ताप्ती लाइनच्या गाडीने तरुणपणी उधन्याला उतरले, ते इथलेच झाले. आयुष्य लूमखात्यात गेलं, आता मुलगा कमावता आहे आणि सकाळी दहानंतर हाताशी वेळच वेळ आहे.

आमच्या सोसायटीतले जिभाऊ लूम दुरुस्त करायचे. शेडमध्ये पन्नासेक लूम धडधडत असताना त्यातला नेमका कोणता अडखळतोय, हे ते दारात चप्पल काढता काढता सांगत. पुढे शटललेस मशिनं आली, मालकाने जुने लूम भंगारात काढले, पण जिभाऊंचा कान काही भंगारात गेला नाही. त्याला काम हवं होतं. ते सेकंडहँड गाड्यांनी पुरवलं.

गाडी बघायला निघतानाचा त्यांचा थाट ठरलेला. अंगात पांढरा शर्ट, कारण गाडीखाली वाकून वर आल्यावर शर्टाला तेल लागलं तर ते समोरच्याला दिसावं. खिशात छोटी बॅटरी, जुनं कापड आणि चष्मा. फी काही नाही. चहा आणि लोचो. लोचो विकणाऱ्याने खिलवला तर त्यातही त्यांना संशय येतो. "खाऊ घालतोय म्हणजे गिअरबॉक्समध्ये काहीतरी आहे."

विकणारा सुरुवात करतो ती बहुधा गुजरातीत. "डॉक्टरनी गाडी छे. एक रुपियानुं काम नथी." जिभाऊ मान डोलावतात. त्यांचं मत असं, की बाजारात येणाऱ्या गाड्यांपैकी निम्म्या जरी खरोखर डॉक्टरांच्या असत्या, तर सुरतेत औषधालाही पेशंट सापडला नसता. मग ते एकच प्रश्न टाकतात, तोही आपल्या बोलीत, कारण यंत्राबद्दल त्यांना दुसऱ्या भाषेत बोलताच येत नाही.

"गाडी कितली चालेल शे, भो?"

आकडा काहीही सांगा, जिभाऊंचा त्यावर विश्वास नसतो. पण तो सांगताना माणूस मीटरकडे बघतो की आकाशाकडे, हे त्यांना बघायचं असतं.

त्यांच्या वडिलांची कीर्ती अशी, की सारंगखेड्याच्या यात्रेत घोड्याचा ओठ वर करून ते वय सांगत, आणि घोडेवाला हळूच दावं आवळून घोडं पलीकडे नेई. जिभाऊ तेच गाडीशी करतात. बॉनेट ते शेवटी उघडतात. आधी ब्रेकच्या पेडलचं रबर. ३५,००० किलोमीटर चाललेल्या गाडीच्या रबरावरच्या रेघा बोटाला लागायला हव्यात. रबर गुळगुळीत असेल तर मीटर गुळगुळीत बोलतोय. रबर कोरं करकरीत असेल तर आणखी वाईट, कारण ते कुणीतरी मुद्दाम बदललंय. मग टायर. टायरच्या बाजूला चार आकडे कोरलेले असतात: २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. मग काचा. प्रत्येक काचेच्या कोपऱ्यात ती कधी बनली याची खूण असते. पाच काचा एका सालातल्या आणि एकच नंतरची, तर त्या बाजूला काय झालं होतं, हे विचारून घ्यायचं. मग बॉनेटखालचे बोल्ट. रंग उडालेला बोल्ट म्हणजे पत्रा एकदा तरी उतरवलेला.

किल्ली फिरवून इंजिन सुरू न करता नुसते दिवे बघणं हा त्यांचा आवडता प्रयोग. इंजिनचा पिवळा दिवा आधी लागला पाहिजे आणि गाडी चालू झाल्यावर विझला पाहिजे. तो लागतच नसेल तर गाडी निरोगी आहे असं नाही. तक्रार करणाऱ्याचंच तोंड बंद केलेलं आहे. मग गाडी चालू ठेवून तेलाचं झाकण उघडायचं, आतून धुराचे भपके येतात का बघायचं, आणि सायलेन्सरमागे पाच मिनिटं उभं राहायचं. निळा धूर म्हणजे इंजिन तेल पितंय. पांढरा धूर थांबतच नसेल तर रेडिएटरचं पाणी आत शिरतंय. डिझेल गाडीने काळा धूर टाकला तर इंधन नीट जळत नाही.

सगळ्यात शेवटी ते सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढतात आणि वास घेतात. ऑगस्ट २००६ मध्ये उकाईचं पाणी सोडलं आणि तापीने सुरत बुडवली, तेव्हा त्या रेलमध्ये, म्हणजे पुरात, हजारो गाड्या पाण्याखाली गेल्या. पुढची कितीतरी वर्षं त्यातल्या अनेक धुवून-पुसून बाजारात फिरत होत्या. धुणारा कार्पेट धुतो, सीट धुतो. बेल्टचं गुंडाळलेलं टोक धुवायला विसरतो. चिखलाची रेघ तिथे राहते. समोरची गाडी २०१५ सालची असली तरी जिभाऊ बेल्ट ओढतातच.

"जिभाऊ, ही गाडी रेलनंतरची आहे."

"मग? लिंबायतला खाडीचं पाणी चढतं ते तुला पत्र पाठवून चढतं का?"

मीटरचा इतिहास हा जिभाऊंचा खास विषय. पूर्वीच्या फियाट-अँबेसिडरच्या मीटरला पाचच घरं असायची. ९९,९९९ झाले की गाडी पुन्हा शून्यावर येई आणि नव्याने जन्म घेई. त्यात कुणाची फसवणूक नव्हती, मीटरलाच पुढे मोजता येत नव्हतं. नंतर केबल काढून ठेवायची युक्ती आली. आता मीटर डिजिटल झाले तर लोकांना वाटलं, चला, फसवणूक संपली. उलट ती सोपी झाली. पूर्वी मीटर उघडायला स्क्रू ड्रायव्हर लागे आणि काचेवर बोटांचे ठसे राहत; आता लॅपटॉप लावला की दीड लाखाचे साठ हजार होतात आणि हात मळत नाहीत. यावर जिभाऊंनी स्वतःची पद्धत काढली आहे, आणि ती जगातल्या कुठल्याही गॅरेजात शिकवत नाहीत.

समोरच्या घरातल्या मुलाला गाडी घ्यायची होती. त्याचा एम्ब्रॉयडरीचा जॉबवर्कचा धंदा, लग्नाला दोन वर्षं झालेली, घरात बाळ. दोन गाड्या त्याने हेरून ठेवल्या होत्या आणि दोन्हींचा भाव जवळपास सारखा होता. एक पांढरी वॅगनआर, २०१५ ची, मीटरवर ४२,०००. दुसरी करड्या रंगाची डिझेल डिझायर, तीही २०१५ ची, मीटरवर १,९४,०००. घरातल्या सगळ्यांचं पहिल्या गाडीवर मत पडलेलं होतं. डिझायरचा आकडा ऐकून मुलाच्या आईने "बाई गं" म्हटलं होतं. जिभाऊंना बोलावलं ते शिक्का मारायला.

वॅगनआरचा मालक डिंडोलीतलाच, आपलाच खान्देशी माणूस. जिभाऊंनी पेडल बघितलं, टायर बघितले आणि गाडी सोडून मालकाच्या ओट्यावर जाऊन बसले. पाणी मागितलं. मग चौकशी सुरू केली.

"सासर कोठे शे, भाऊ?"

"धुळ्याला."

"वा. आखाजीला जात असाल."

"जावं लागतं. मिसेसला माहेरी न्यावंच लागतं ना."

"कानबाईला?"

"कानबाई तर आमच्याच गावच्या घरी बसते. भावकी सगळी तिथे जमते."

"दिवाळी?"

"अर्थात."

"आणि लग्नं?"

"वर्षाला दोन-तीन असतातच."

"दुकान कुठे?"

"रिंग रोड."

मालक आपल्या गोतावळ्याबद्दल कौतुकाने सांगत होता आणि जिभाऊ ओट्यावर बोटाने आकडे मांडत होते. घरी परतताना त्यांनी हिशेब सांगितला. डिंडोली ते रिंग रोड आठ किलोमीटर, जाऊन-येऊन सोळा. वर्षाचे कामाचे तीनशे दिवस धरले तरी ४,८००. दहा वर्षांचे ४८,०००. म्हणजे ही गाडी गावाला एकदाही गेली नाही असं धरलं, तरी मीटर सहा हजारांनी कमी पडतो. त्यात धुळं. सुरत-धुळे सव्वादोनशे किलोमीटर, फेरी साडेचारशेची. आखाजी, कानबाई, दिवाळी आणि दोन लग्नं, अशा पाच फेऱ्या. वर्षाचे २,२५०, दहा वर्षांचे २२,५००. बेरीज सत्तर हजारांच्या वर.

मुलगा म्हणाला, "जिभाऊ, दुकानावर तो बाइकने जात असेल."

"समोरच्या काचेवर मार्केटच्या पार्किंगचं स्टिकर आहे. एकावर एक तीन चिकटवलेली. बाइकची स्टिकरं माणूस गाडीला लावतो का?" आणि मग त्यांनी ते वाक्य म्हटलं, जे आता आमच्या सोसायटीत म्हणीसारखं चालतं: "मीटर खोटं बोलस, सासर खोटं बोलत नही."

डिझायरचा मालक साड्यांचा घाऊक व्यापारी. धुळे, मालेगाव, जळगाव ही त्याची लाइन. त्याने विचारण्याआधीच सांगितलं, "गाडी भरपूर चाललीय. दर आठवड्याला हायवे." आणि एक फाइल पुढे केली. जिभाऊंनी ती फाइल ओट्यावर पसरून, चष्मा पुसून, पहिल्या पानापासून वाचली. प्रत्येक बिलावर तारीख आणि किलोमीटर. दर दहा हजाराला ऑइल. क्लच १,२०,००० ला बदललेला. बॅटरी दोनदा. मधल्या एका बिलावर पुढचा बंपर, कारण विसरवाडीजवळ समोर म्हैस आली होती. तेही त्याने सांगितलं, आणि म्हैस वाचली हेही सांगितलं. जिभाऊ खाली वाकले, मागून गाडी बघितली. "डिकीत साड्यांची पार्सलं वाहिलीत ना? मागचे स्प्रिंग बसलेत." मालक म्हणाला, "बसलेत." जिभाऊंच्या उभ्या कारकिर्दीत विकणाऱ्याने दोष कबूल करण्याचा प्रसंग फार क्वचित आला असावा. ते जरा गडबडलेच. चहासुद्धा गार झाला.

परतल्यावर घरातल्यांसमोर त्यांनी व्याख्यान दिलं. गाडी किती किलोमीटर चालली हा प्रश्नच अर्धा आहे; इंजिन किती तास चाललं ते विचारा. शेतकऱ्याच्या ट्रॅक्टरला तासांचा मीटर असतो, कारण ट्रॅक्टर एकाच वावरात दिवसभर फिरला तरी इंजिन झिजतं. लूमचा हिशेबही शिफ्टवर होतो. वॅगनआरला रिंग रोडचे सोळा किलोमीटर कापायला रोज एक तास लागतो. वर्षाचे तीनशे, दहा वर्षांचे तीन हजार तास. वर गावच्या फेऱ्यांचे पावणेचारशे. डिझायर हायवेवर ताशी साठच्या हिशेबाने १,९४,००० किलोमीटर गेली, म्हणजे साधारण सव्वातीन हजार तास. "इंजिनं दोन्ही एकाच वयाची. फरक एवढाच, की एक सिग्नलला उभं राहून क्लच दाबून म्हातारं झालं आणि दुसरं चौथ्या-पाचव्या गिअरमध्ये. आणि एकाचा मालक खोटं बोलला."

मुलाच्या वडिलांनी शंका काढली, की मारुतीने एप्रिल २०२० पासून डिझेल गाड्या बंदच केल्या, मग उद्या पार्ट कुठून आणायचे? जिभाऊ म्हणाले, ते इंजिन मूळचं फियाटचं. मारुतीत होतं, टाटात होतं, फियाटच्या स्वतःच्या गाड्यांत होतं. उधना ते धुळ्यापर्यंत असा मेकॅनिक दाखवा ज्याने ते खोललं नाही. मुलाच्या धाकट्या भावाने मोबाइलवरून आणखी भर घातली. अमेरिकेत न्यूयॉर्कजवळच्या अर्व्ह गॉर्डन नावाच्या गृहस्थाने १९६६ साली एक व्हॉल्वो घेतली आणि तीच चालवत २०१३ मध्ये तीस लाख मैल पूर्ण केले. म्हणजे अठ्ठेचाळीस लाख किलोमीटर.

जिभाऊंनी विचार केला. "मालक एकच?"

"एकच."

"करायचा काय तो?"

"शाळेत विज्ञान शिकवायचा."

"मास्तर!" जिभाऊंचं समाधान झालं. "मग बरोबर. मास्तर माणूस ऑइल वेळेवर बदलतो."

इतका पुरावा मांडल्यावर कुणीही म्हणेल, आता जिभाऊ 'घे' म्हणतील. इथेच त्यांची खरी गंमत आहे. जिभाऊ 'घे' असं कधीच म्हणत नाहीत. "घ्यायला हरकत नाही," असं म्हणतात आणि थांबतात. मग थोड्या वेळाने म्हणतात, "पण." एकदा 'घे' म्हटलं की त्या गाडीचं पुढचं सगळं दुखणं आपल्या दारात येऊन बसणार, हे त्यांना पक्कं ठाऊक आहे. त्यामुळे बातमी देणं त्यांचं, निर्णय तुमचा. घरात दोन दिवस चर्चा झाली. मुलाची आई म्हणाली, दोन लाख चाललेली गाडी म्हटल्यावर लोक काय म्हणतील? सूनबाई म्हणाल्या, लोकांना मीटर कोण दाखवतंय? शेवटी डिझायरच्या नंबरची बेरीज नऊ येते, हे कुणाच्या तरी लक्षात आलं आणि गाडी घ्यायचं ठरलं. जिभाऊंच्या तासांच्या गणिताचा त्यात कितपत वाटा होता, ते नऊ आकड्यालाच माहीत.

कागदांच्या बाबतीत मात्र जिभाऊ 'पण' म्हणत नाहीत. आरसीवर बँकेचा बोजा आहे का, मालक पहिला की तिसरा, विम्याची मुदत कधीपर्यंत, हे ते आधी मोबाइलवर बघायला लावतात. फॉर्म २९ आणि ३० वर सह्या झाल्याशिवाय पैशाचा शेवटचा हप्ता द्यायचा नाही. विकणाऱ्याने चौदा दिवसांत आणि घेणाऱ्याने तीस दिवसांत आरटीओला कळवायचं, असं कायदा सांगतो. जिभाऊ दोघांनाही त्याच आठवड्यात पालच्या ऑफिसला पिटाळतात. नाव बदललं नाही तर नव्या मालकाने तोडलेल्या सिग्नलचा ई-मेमो जुन्या मालकाच्या घरी जातो आणि त्यातून झालेली भांडणं मिटवायलाही जिभाऊंनाच बसावं लागतं. गावाकडची एमएच पासिंगची गाडी स्वस्त मिळते म्हणून कुणी आणायला निघालं, तर ते आधी एनओसीचं विचारतात, मग इथे भराव्या लागणाऱ्या कराचं. दिल्लीहून आलेली डिझेल गाडी फारच स्वस्त असेल तर ते कारण सांगतात: तिकडे दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर कोर्टाची कुऱ्हाड आली, म्हणून त्या इकडे उतरल्या. त्यातही हरकत नसते. पण.

इतक्या गाड्यांचे रोग ओळखणाऱ्या माणसाकडे स्वतःची गाडी कोणती, हा प्रश्न नवा शेजारी हमखास विचारतो. जिभाऊंकडे स्प्लेंडर आहे. टाकीवर अजून 'हीरो होंडा' लिहिलेलं आहे आणि मीटरची केबल कधीच तुटली आहे. ती किती चालली हे खुद्द जिभाऊंनाही सांगता येत नाही. चारचाकी घ्यायचं त्यांच्या मनात फार वर्षांपासून आहे. २०१६ मध्ये जवळजवळ ठरलंच होतं, तोच नोटाबंदी झाली. म्हणाले, लोक अडकलेत, भाव पडतील, थांबू. २०१७ च्या जुलैत जीएसटीवरून रिंग रोडची मार्केटं बंद पडली. म्हणाले, आता पैसा हातात राहू द्यावा. २०२० मध्ये लॉकडाऊन लागलं आणि त्याच्या पाठीला पाठ लावून बीएस-६ आलं. मग चिपचा तुटवडा झाला, नव्या गाड्यांना महिनोन्‌महिने वेटिंग लागलं आणि जुन्यांचे भाव चढले. म्हणाले, ही काय घ्यायची वेळ आहे? सप्टेंबर २०२५ मध्ये लहान गाड्यांवरचा जीएसटी १८ टक्क्यांवर आला. आता ते म्हणतात, नव्या स्वस्त झाल्या म्हणजे जुन्या आणखी उतरतील. थांबू.

या थांबण्याबद्दल माईंना, म्हणजे जिभाऊंच्या बायकोला, विचारलं तर त्या शांतपणे सांगतात, "मला बघायलासुद्धा तीनदा आले होते. दर वेळी काहीतरी नवीन विचारायचे."

डिझायर घेतल्यावर पहिल्याच कानबाईला मुलगा सहकुटुंब गावी निघाला, आणि रिवाजाप्रमाणे जिभाऊंना पुढच्या सीटवर बसवलं. सोनगड गेलं, नवापूरला चहा झाला. कोंडाईबारीचा घाट लागला तसा जिभाऊंनी हात वर केला. "गाणं बंद कर." गाणं बंद झालं. बाळालाही गप्प केलं. "ऐकलं?" कुणालाच काही ऐकू आलं नाही. काच खाली केली, वर केली, एसी बंद केला. घाट संपला, दहिवेल मागे पडलं, आवाज काही सापडेना. साक्री आल्यावर सूनबाईंनी शोध लावला: खापरावर पुरणपोळ्या करायच्या म्हणून सीटखाली ठेवलेलं नवं खापर वळणावर सरकत होतं. जिभाऊ म्हणाले, "तेच म्हणतो मी. इंजिनचा आवाज असा नसतोच."

गाडीला मागचे स्प्रिंग, पुढचे बुश, एक टायर आणि कूलंटचा पाइप एवढं काम पहिल्या तीन महिन्यांत निघालं. जिभाऊंनी किमतीचा दहावा हिस्सा आधीच बाजूला काढून ठेवायला लावला होता, म्हणून ते जड गेलं नाही. पांढरी वॅगनआरही पंधरा दिवसांत विकली गेली, 'फक्त ४२,००० चाललेली' म्हणून, आणि घेणाऱ्याने पेढेही वाटले.

तेव्हा तुम्हाला जुनी गाडी घ्यायची असेल तर आकडा मोठा दिसला म्हणून पळू नका आणि लहान दिसला म्हणून भाळू नका. बिलं मागा, टायरवरची तारीख वाचा, विकणाऱ्याच्या सासरची विचारपूस करा. आपल्या गल्लीतल्या जिभाऊंना जरूर बरोबर न्या. त्यांच्याइतकं गाडीचं खरं कुणी सांगणार नाही. फक्त घ्यायची की नाही, हे त्यांना विचारू नका. ते घरी ठरवा, आणि शक्यतो जिभाऊ लोचो खात असताना ठरवा.